कोकेन सोडल्यानंतरचे चौदा आठवडे : एका रुग्णाचे प्रकरण

आमच्या व्यसनमुक्ती विभागात दाखल झालेला हा रुग्ण 34 वर्षांचा, व्यवसायाने व्हिडिओ एडिटर. कोकेन नाकाने ओढण्याची सवय 5 वर्षांपासूनची, आणि शेवटचे 14 महिने जवळजवळ रोजची. त्याला घेऊन आली ती त्याची थोरली बहीण. आदल्या रात्री छातीत दुखू लागले म्हणून तिने त्याला आपत्कालीन विभागात नेले होते. तिथे दोन वेळा ईसीजी काढला गेला, रक्तातील ट्रोपोनिन दोनदा तपासले गेले, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे आढळले नाही, आणि सकाळी त्याला आमच्याकडे पाठवण्यात आले. ओळख पटू नये म्हणून त्याच्याविषयीचे काही तपशील मी बदलले आहेत. उपचारांचा क्रम आणि त्यात आमच्याकडून राहिलेली उणीव मात्र आहे तशीच मांडली आहे.

छातीतले दुखणे हे ॲसिडिटीमुळे होते, असे तो दाखल होताना ठामपणे सांगत होता. कोकेनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, नाडीची गती आणि रक्तदाब वाढतो, आणि हृदयाला जेव्हा जास्त ऑक्सिजन हवा असतो नेमका तेव्हाच त्याचा पुरवठा कमी पडतो. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे 24 पट वाढलेला आढळला होता. या रुग्णाच्या बाबतीत भर होती ती दारूची. कोकेनची उत्तेजना उतरवण्यासाठी तो दर वेळी दारू घेत असे, आणि हे दोन पदार्थ एकत्र आले की यकृतात कोकाएथिलिन नावाचे तिसरेच रसायन तयार होते, जे कोकेनपेक्षा जास्त वेळ शरीरात टिकते आणि हृदयाला अधिक घातक असते. हे सगळे त्याला समजावून सांगत असताना तो ऐकत होता की नाही, हे मला कळत नव्हते. उजव्या हाताची तर्जनी तो सतत वरच्या हिरडीवरून फिरवत होता. उरलेली पावडर हिरडीला चोळण्याची ती जुनी सवय होती आणि आपण असे करतो आहोत याचे त्याला भान नव्हते.

दाखल करतानाची तपासणी

शेवटची मात्रा घेऊन साधारण 14 तास झाले होते. लघवीच्या तपासणीत बेंझॉइलएक्गोनिन सापडले. कोकेन रक्तातून फार लवकर निघून जाते, त्याचे अर्धायुष्य सुमारे एका तासाचे असते. पण यकृतात त्याचे रूपांतर होऊन बनणारा हा पदार्थ लघवीत साधारण 2 ते 4 दिवस दिसतो आणि रोज भरपूर घेणाऱ्यांमध्ये त्याहूनही जास्त. या एका गोष्टीला पुढच्या उपचारांत फार महत्त्व आले, म्हणून तिची इथेच नोंद केली.

कोकेनच्या विथड्रॉवलची, म्हणजे ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची, तीव्रता मोजण्यासाठी 18 मुद्द्यांची एक श्रेणी वापरली जाते. ती 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सुरुवातीला या श्रेणीवर ज्यांचे गुण जास्त येतात, ते उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता अधिक असते. आमच्या रुग्णाचे गुण जास्त होते. त्यांची नोंद आम्ही केसपेपरवर केली, पण त्यांचा जो अर्थ लावायला हवा होता तो लावला नाही.

याचे कारण दारू. अचानक दारू थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डिलिरियम, म्हणजे भान हरपून भ्रम होण्याची अवस्था, येऊ शकतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर रुग्ण दगावूही शकतो. त्यामुळे आम्ही त्याला थायमिन हे जीवनसत्त्व आणि लोराझेपाम हे शामक औषध सुरू केले, दर काही तासांनी हातांची थरथर, घाम, नाडी आणि भान तपासत राहिलो, आणि रात्रपाळीच्या सिस्टरना खास सूचना देऊन ठेवल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थरथर थांबली तेव्हा वॉर्डातील आम्हा सगळ्यांनाच हायसे वाटले. कोकेनच्या विथड्रॉवलमध्ये असे डोळ्यांना दिसणारे फार काही नसते. ताप नाही, उलट्या नाहीत, फिट नाही. रुग्ण झोपतो.

पहिले बारा दिवस

आणि हा रुग्ण खरोखरच झोपला. पहिल्या तीन दिवसांत तो रोज सुमारे 16 तास झोपेत होता. जेवणापुरता उठे, अधाशासारखे खाई आणि पुन्हा पडे. व्यसन करणारे आणि उपचार करणारे दोघेही या अवस्थेला ‘क्रॅश’ म्हणतात. लोराझेपामचाही या झोपेत थोडा वाटा असणार, परंतु त्याची मात्रा कमी करत आणल्यावरही झोप तशीच राहिली. स्वप्ने मात्र फार स्पष्ट आणि त्रासदायक पडत. एका स्वप्नात तो काचेच्या टेबलावर पावडरच्या रेघा ओढत होता आणि प्रत्येक वेळी नाक जवळ नेले की वाऱ्याने सगळी पावडर उडून जात होती. हे सांगताना त्याला घाम फुटला होता. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-5 या 2013 सालच्या नियमावलीत उत्तेजक पदार्थांच्या विथड्रॉवलची जी लक्षणे दिली आहेत, म्हणजे खिन्न मन, थकवा, अप्रिय आणि ठळक स्वप्ने, झोप वाढणे किंवा उडणे, भूक वाढणे, हालचाली मंदावणे किंवा बेचैनी, त्यांपैकी बहुतेक सगळी त्याच्यात होती.

असे का होते, ते त्याच्या बहिणीला मी पुढील शब्दांत सांगितले. मेंदूतील पेशी आनंद आणि उत्साहाशी निगडित असलेले डोपामिन सोडतात आणि काम झाले की ते परत आत ओढून घेतात. कोकेन हा परतीचा दरवाजा बंद करते, त्यामुळे डोपामिन बाहेरच साचून राहते. असे वर्षानुवर्षे घडत राहिले की मेंदू स्वतःहून डोपामिनचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, कमी करतो. मग कोकेन थांबते, पण ग्राहक लगेच वाढत नाहीत, आणि साध्यासुध्या गोष्टींतून मिळणारा आनंद जाणवेनासा होतो. डॉ. नोरा व्होलकाव यांच्या गटाने 1993 साली पेट स्कॅनद्वारे दाखवून दिले की कोकेन सोडून तीन-चार महिने झालेल्या व्यक्तींमध्येही हे ग्राहक कमीच होते. बहिणीने यावर एकच प्रश्न विचारला, “म्हणजे तो झोपून उठला तरी बरा झालेला नसेल?” हा प्रश्न तिने विचारला आणि आम्ही त्याला होकारही दिला, तरीही आमची पुढची आखणी त्या होकाराला धरून झाली नाही.

पाचव्या दिवसापासून तो ताजातवाना दिसू लागला. वॉर्डात इतरांना मदत करे, गटचर्चेत नेमके बोले, आणि तलफ अजिबात येत नाही असे सांगे. यात खोटे काहीच नव्हते. गाविन आणि क्लेबर यांनी 1986 साली कोकेन सोडल्यानंतरच्या तीन अवस्था वर्णन केल्या होत्या : आधी क्रॅश, मग काही आठवडे उदासी आणि तीव्र तलफ, आणि त्यानंतर अधूनमधून उसळणारी तलफ. पुढे वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णांवर जे अभ्यास झाले त्यांत अशा ठळक पायऱ्या दिसल्या नाहीत. लक्षणे दिवसेंदिवस हळूहळू कमी होत गेली. माझ्या मते यात विरोध नाही. पहिल्या दोघांचे रुग्ण आपापल्या घरी, आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर आणि ओळखीच्या माणसांत राहत होते. वॉर्डात ते रस्ते नसतात.

नवव्या दिवशी मात्र एक घटना घडली. शेजारच्या खाटेवरील वृद्ध रुग्णाला गोळी गिळता येत नव्हती, म्हणून सिस्टर स्टीलच्या ट्रेमध्ये दोन चमच्यांच्या मध्ये धरून ती कुटत होत्या. धातूवर धातू घासल्याचा आवाज झाला आणि ट्रेच्या कडेला पांढरी पूड सांडली. आमचा रुग्ण पुस्तक वाचत होता. त्याने मान वर केली, ट्रेकडे पाहिले, आणि त्याचा चेहरा पार उतरला. तोंडाला पाणी सुटले, तळहात ओले झाले, आणि पोटात मुरडा येऊन तो स्वच्छतागृहाकडे धावला. सिस्टरनी हे पाहिले, त्याची नाडी मोजली, ती 118 भरली, आणि त्यांनी ते नर्सिंग रिपोर्टमध्ये लिहून ठेवले. डॉ. ॲना रोझ चाइल्ड्रेस यांच्या गटाने 1999 साली दाखवले होते की कोकेनशी संबंधित दृश्ये पाहताच व्यसनी व्यक्तींच्या मेंदूतील भावनांशी जोडलेले भाग उद्दीपित होतात. आमच्या वॉर्डात कुटल्या गेलेल्या त्या गोळीने तेच करून दाखवले होते. ती नोंद मी डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांनी वाचली.

बाराव्या दिवशी आम्ही त्याला घरी सोडले. जाण्यापूर्वी त्याने गोळी मागितली. दारूसाठी औषधे आहेत, हेरॉइनसाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहे, मग कोकेनसाठी काय, असा त्याचा सरळ प्रश्न होता. कोकेनच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. डिसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल अशी अनेक औषधे तपासून झाली, लसही करून पाहिली गेली, पण खात्रीने सांगावे असे काही हाती लागले नाही. हे मी त्याला प्रामाणिकपणे सांगितले. “मग तुम्ही मला देणार काय?” असे तो म्हणाला, आणि आम्ही त्याला दोन आठवड्यांनंतरची फॉलोअपची तारीख दिली.

सव्विसावा दिवस

शेवटच्या मात्रेपासून मोजल्यास सव्विसाव्या दिवशी त्याने पुन्हा कोकेन घेतले. कामाची मुदत जवळ आली होती, रात्री तीनपर्यंत तो एकटाच स्क्रीनसमोर बसला होता, डोळे मिटत होते आणि एकच दृश्य त्याने कितीतरी वेळा कापले-जोडले होते. आधी एक बिअर घेतली. तिच्यानंतर त्याने फोन उचलला. पुरवठादाराचा नंबर त्यात दुसऱ्याच नावाने तसाच होता. दवाखान्यातील बारा दिवसांत तो नंबर काढून टाकायला त्याला आमच्यापैकी कोणीही सांगितले नव्हते.

पहिल्या मात्रेनंतर थांबता आले असते, असे तो नंतर म्हणाला. पण ‘सगळे वायाच गेले’ हा विचार मनात आला आणि मग तीन दिवस तो थांबला नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी घसरणीनंतरच्या या अवस्थेचा बारकाईने विचार केला आहे. एक चूक झाली की माणूस तिचा अर्थ ‘मी असाच आहे’ असा लावतो, आणि त्या अर्थाच्या ओझ्यामुळे पहिल्या चुकीपेक्षा मोठे नुकसान होते. चौथ्या दिवशी बहीण त्याच्या घरी गेली तेव्हा तो अंधारात पडून होता आणि “ताई, मी उठलोच नाही तर बरं होईल,” एवढेच बोलला. तिने त्याला एकटे सोडले नाही आणि थेट आमच्याकडे आणले.

आत्महत्येच्या विचारांविषयी आम्ही त्याला पहिल्या वेळी फक्त दाखल करताना विचारले होते आणि तेव्हा त्याने नाही म्हटले होते. तेव्हा क्रॅश पुरता जाणवूही लागला नव्हता. कोकेन थांबल्यानंतर शरीराला फारसा धोका नसतो हे खरे असले, तरी क्रॅशमधली खिन्नता जीवघेणी ठरू शकते, आणि म्हणून हा प्रश्न पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि त्यानंतरही दर भेटीत शांतपणे, थेट शब्दांत विचारायला हवा. असे विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्यांदा दाखल असताना आम्ही रोज विचारले. पाचव्या दिवसापासून त्याचे उत्तर बदलू लागले.

2001 साली प्रसिद्ध झालेला उंदरांवरील एक प्रयोग इथे सांगितलाच पाहिजे. कोकेनची सवय लावून मग ते बंद केल्यावर, कोकेनशी जोडलेल्या खुणांमुळे जागी होणारी ओढ कालांतराने ओसरली नाही. उलट सुमारे दोन महिन्यांपर्यंत ती वाढतच गेली. माणसाला हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. परंतु ज्या आठवड्यांत घरच्यांना रुग्ण सुधारलेला दिसतो आणि दवाखाना भेटींमधले अंतर वाढवतो, त्याच आठवड्यांत तो सर्वांत जास्त धोक्यात असतो, हे मी अनेक रुग्णांत पाहिले आहे. या प्रकरणात ते अंतर आम्हीच वाढवले होते.

दुसरी आखणी

आठ दिवसांनी वॉर्डातून सोडताना दुसऱ्या दिवशीचीच भेट ठरवून त्याला सोडले. पुढील 12 आठवडे तो आठवड्यातून तीन वेळा येणार होता, आणि प्रत्येक वेळी लघवीची तपासणी होणार होती. तीन वेळा का, तर बेंझॉइलएक्गोनिन दोन ते चार दिवसच दिसते; आठवड्यातून एकदाच तपासले तर मधली घसरण निसटून जाते. तपासणी कोकेनविरहित आली तर एक व्हाउचर, पुढची तशीच आली तर जास्त किमतीचे, आणि कोकेन सापडले तर किंमत पुन्हा पहिल्या पायरीवर. आधी मिळालेले व्हाउचर कधीही काढून घेतले जाणार नव्हते. या पद्धतीला कंटिन्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी ती उभी केली, आणि उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर आजपर्यंत जे उपचार तपासले गेले त्यांत सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे.

बहिणीला हे अजिबात पटले नाही. “जे करायलाच हवं त्याचे त्याला पैसे द्यायचे? ही लाचच झाली ना, डॉक्टर?” असे तिने विचारले. तिचा आक्षेप मला गैर वाटत नाही, कारण इतकी वर्षे भावाच्या उसनवाऱ्या तिनेच फेडल्या होत्या. मी तिला एवढेच सांगितले की कोकेनचे बक्षीस काही सेकंदांत मिळते, तर ते सोडल्याचे बक्षीस, म्हणजे नोकरी, तब्येत, विश्वास, मिळायला महिने लागतात. ज्या मेंदूला सध्या लांबचे दिसतच नाही, त्याच्यासमोर काहीतरी जवळचे, हातात घेता येईल असे ठेवावे लागते. व्हाउचर रोख नव्हते आणि त्यांतून काय घ्यायचे ते समुपदेशकाशी बोलून ठरे. पहिल्या तीन व्हाउचरांतून त्याने हेडफोन घेतले.

याच्या जोडीला आठवड्यातून एकदा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलण्याच्या समुपदेशनाचे, सत्र होते. त्यात समुपदेशकाने सव्विसाव्या दिवसाची रात्र तासातासाने उलगडून घेतली. कोकेनचा विचार त्याला रात्री तीन वाजता आला असे तो समजत होता. प्रत्यक्षात साखळी संध्याकाळी सहालाच सुरू झाली होती, जेव्हा त्याने बहिणीचा फोन उचलला नाही आणि जेवण टाळले. पहिल्या कडीशीच काही करता येते, अखेरच्या कडीशी फार थोडे, हे त्याने स्वतः कागदावर आखून पाहिले. नंबर समुपदेशकासमोर काढून टाकला. फोनचे सिमकार्ड बदलले. दारू पूर्ण थांबवण्यावर त्याने सर्वांत जास्त वाद घातला, कारण दारू हा आपला प्रश्न नाही असे त्याला वाटत होते. पण त्याने आठवून सांगितलेल्या कोकेनच्या शेवटच्या दहा प्रसंगांपैकी नऊ प्रसंगांत आधी दारू होती, आणि स्वतःच्याच अक्षरातली ती यादी पाहून तो गप्प झाला.

बहिणीसोबतही आम्ही चार वेळा बसलो. ओरडायचे कधी आणि गप्प राहायचे कधी हा तिचा खरा प्रश्न होता. नशेत असताना वाद घालायचा नाही, रोख पैसे द्यायचे नाहीत, आणि कोकेनशिवाय गेलेल्या संध्याकाळी त्याच्यासोबत मनापासून वेळ घालवायचा, एवढे तिने धरून ठेवले. काही देशांत कोकेनमध्ये फेंटॅनिल या अफूसारख्या पण कितीतरी तीव्र औषधाची भेसळ सापडते आणि ते घेणाऱ्याला कळतही नाही, म्हणून त्यावरचा उतारा असलेले नॅलोक्सोन कसे वापरायचे तेही तिला शिकवले. पुन्हा घसरण होईल असे गृहीत धरून नव्हे, तर ती झालीच तर तो जिवंत राहावा म्हणून.

उदासीसाठी औषध लगेच सुरू केले नाही. क्रॅशमुळे आलेली खिन्नता आणि स्वतंत्र नैराश्य सुरुवातीला वेगळे ओळखता येत नाही; त्यासाठी काही आठवडे कोकेनशिवाय जावे लागतात. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्याची झोप आणि मन दोन्ही पुष्कळ सावरले होते. सावरले नसते तर औषध सुरू केले असते.

पाचव्या आठवड्यात एका शुक्रवारी तो ठरलेल्या वेळेपूर्वी अर्धा तास आला, नमुन्याची बाटली घेण्याआधीच “आज पॉझिटिव्ह येणार,” असे म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला. पट्टीवर तसेच आले. व्हाउचरची किंमत पहिल्या पायरीवर गेली आणि ते त्याला स्पष्ट सांगितले; कोणीही आवाज चढवला नाही, उपदेशही केला नाही. समुपदेशकाने त्याच दिवशी वेळ काढून या घसरणीची साखळी त्याच्यासोबत पुन्हा आखली. सोमवारी तो आला. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची हजेरी ती होती, कारण सव्विसाव्या दिवसानंतर तो अंधारात पडून राहिला होता आणि या वेळी तो स्वतःच्या पायांनी आला.

त्यानंतरच्या सात आठवड्यांत एक भेट चुकली आणि बाकी सर्व तपासण्या कोकेनविरहित आल्या. अकराव्या आठवड्यात त्याने सांगितले की एडिटिंग करताना पार्श्वसंगीताचा एक तुकडा त्याने कामाची गरज नसताना, केवळ आवडला म्हणून, हेडफोन लावून दोनदा ऐकला. गेल्या कित्येक महिन्यांत असे झाले नव्हते. भूक आणि झोप पूर्ववत झाली आहे. एकाग्रता अजून दुपारनंतर टिकत नाही आणि स्वप्ने क्वचित पडतात.

हे लिहीत असताना दुसऱ्या आखणीचा चौदावा आठवडा चालू आहे. व्हाउचर दोन आठवड्यांपूर्वी संपले. तपासणी आता आठवड्यातून एकदा होते आणि सत्रे चालू आहेत. मागच्या भेटीत तो एक कागद घेऊन आला होता, ज्यावर त्याने अनुत्तरित राहिलेले तीन प्रश्न लिहिले होते : रात्रीचे काम पुन्हा घ्यायचे की नाही, ज्या मित्रांसोबत सुरुवात झाली त्यांना काय सांगायचे, आणि बहिणीचे पैसे कधीपासून परत करायला लागायचे. पुढची तीन सत्रे आम्ही त्या क्रमाने ठेवली आहेत. तो उठून निघाला तेव्हा बाहेरच्या टेबलावर सिस्टर कोणाची तरी गोळी कुटत होत्या, तो दारात क्षणभर थांबला, त्यांना “सिस्टर, एक मिनिट थांबता का?” असे म्हणाला, आणि त्या थांबल्यावर बाहेर पडला.